गादी, कातडे आणि खुर्ची : घानातील नऊ दिवस

सातारच्या एका शाळेत मी तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. १९७१ ची सव्विसावी घटनादुरुस्ती, संस्थानिकांचे बंद झालेले तनखे आणि रद्द झालेल्या पदव्या हा भाग आला की प्रजासत्ताक आणि गादी एकत्र नांदत नाहीत, असे मी दरवर्षी मुलांना सांगत असे. आणि छत्रपतींच्या गादीचा अभिमान ज्यांच्या घराघरांत आहे, त्या मुलांना ते पटवून देताना मला कष्ट पडत. माझ्या बहिणीचा मुलगा चार वर्षांपासून पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात, तेमा बंदराजवळच्या एका कारखान्यात नोकरी करतो. "मामा, इथे निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष आहे आणि गावोगावी राजेही आहेत. राज्यघटनेने दोघांनाही जागा दिली आहे. तुम्ही येऊन पाहाच," असे तो फोनवर अनेकदा म्हणाला. पीतज्वराची लस टोचून घेऊन, व्हिसा काढून २०२५ च्या फेब्रुवारीत मी निघालो.

दिवस पहिला : अक्रा ते तेमा

मुंबईहून आदिस अबाबा आणि तेथून अक्रा असा प्रवास करून उतरलो, तेव्हा आकाशात ढग नव्हते, तरीही सूर्य नीट दिसत नव्हता. सहारा वाळवंटाकडून 'हरमटन' नावाचा कोरडा वारा हिवाळ्याच्या महिन्यांत बारीक धूळ घेऊन दक्षिणेकडे उतरतो. त्याने ओठ फुटतात आणि भर दुपारीही उजेड पिवळट पडतो. तेमा हे राजधानीच्या पूर्वेला वसवलेले आखीव बंदर. शून्य रेखावृत्त या शहरातून जाते, म्हणून येथील घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे चालते. विषुववृत्तही दक्षिणेला साडेपाच अंशांवरच आहे. त्यामुळे नकाशावरील जगाच्या मध्याला सर्वांत जवळचा देश आपलाच, असे घानाचे लोक अभिमानाने सांगतात.

पश्चिमेला कोत दि'व्वार, उत्तरेला बुर्किना फासो, पूर्वेला टोगो आणि दक्षिणेला गिनीचे आखात अशी या देशाची चतुःसीमा आहे. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून बरेच कमी. लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार ३ कोटी ८ लाख. रात्री भाच्याच्या घराशेजारच्या खानावळीत चवळीची उसळ आणि तळलेली राजेळीसारखी केळी जेवलो. पाम तेलाच्या रंगामुळे या जेवणाला येथे 'रेड रेड' म्हणतात. वाढणाऱ्या बाईंना पैसे देताना मी डावा हात पुढे केला आणि भाच्याने तो हळूच मागे घेतला. डाव्या हाताने देणे-घेणे येथेही अशुभ मानतात, हे कळल्यावर मला एकदम घरच्यासारखे वाटले.

दिवस दुसरा : राजधानी

अक्रामधील स्वातंत्र्य चौक समुद्राला लागून आहे. काळ्या ताऱ्याची कमान आणि समोरचे प्रचंड मैदान असे त्याचे रूप आहे. महिनाभरापूर्वी, ७ जानेवारीला, जॉन महामा यांनी याच ठिकाणी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली होती आणि जेन नाना ओपोकू-अग्येमांग देशाच्या पहिल्या महिला उपराष्ट्राध्यक्ष झाल्या होत्या. डिसेंबरच्या निवडणुकीत अधिकृत निकाल लागण्यापूर्वीच, मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सत्ताधारी पक्षाच्या उमेदवाराने पराभव मान्य करून प्रतिस्पर्ध्याचे अभिनंदन केले. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट कोणत्याही स्मारकापेक्षा मोठी वाटली.

ती मोठी वाटण्याचे कारण इतिहासात आहे. ६ मार्च १९५७ रोजी क्वामे एन्क्रुमा यांनी मध्यरात्री स्वातंत्र्याची घोषणा केली, तेव्हा सहाराच्या दक्षिणेकडील वसाहतींपैकी ब्रिटिश अमलातून मुक्त होणारा हा पहिला देश ठरला. 'गोल्ड कोस्ट' हे नाव टाकून त्यांनी दूर वायव्येला नांदलेल्या एका मध्ययुगीन साम्राज्याचे नाव घेतले. १९६० मध्ये प्रजासत्ताक झाले, पुढे एकपक्षीय राजवट आली आणि १९६६ मध्ये एन्क्रुमा परदेशात असताना लष्कराने सत्ता घेतली. १९८१ पर्यंत असे उठाव पुन्हा पुन्हा झाले. शेवटचा उठाव करणाऱ्या जेरी रॉलिंग्ज यांच्याच काळात १९९२ ची राज्यघटना आली आणि त्याच घटनेने त्यांना दोन मुदतींनंतर, २००१ मध्ये, घरी बसवले. तेव्हापासून सत्ता दोन मोठ्या पक्षांमध्ये मतपेटीतूनच फिरत आली आहे. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी थेट निवडला जातो, त्याला निम्म्याहून अधिक मते लागतात आणि दोनच मुदती मिळतात. संसद एकाच सभागृहाची, २७६ जागांची आहे. मंत्र्यांपैकी बहुसंख्य खासदारांमधूनच घ्यावे लागतात; म्हणजे अमेरिकी आणि ब्रिटिश अशा दोन्ही पद्धतींचा हा मेळ आहे.

ओसू किल्ल्याजवळच्या चौकात मी बराच वेळ थांबलो. दुसऱ्या महायुद्धात गोल्ड कोस्टचे सैनिक ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, आराकानच्या जंगलात, भारतीय पलटणींच्या बरोबरीने लढले होते. परत आल्यावर कबूल केलेले लाभ मिळाले नाहीत, म्हणून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ते निःशस्त्र गव्हर्नरकडे अर्ज घेऊन निघाले. या चौकात गोळीबार झाला आणि तीन माजी सैनिक मारले गेले. स्वातंत्र्याच्या लढ्याला येथूनच धार आली. सातारा जिल्ह्यात ब्रह्मदेशाच्या लढाईची आठवण सांगणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. त्यांच्या सोबत्यांपैकी काहींचा शेवट या चौकात झाला, हे मला या वयात कळले.

परतताना राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय असलेले 'जुबिली हाउस' रस्त्यावरूनच पाहिले. भारत सरकारच्या कर्जातून मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने ते बांधले असून २००८ मध्ये ते पूर्ण झाले. मधला भाग बसका आणि वरची दोन्ही टोके उचललेली, असा तो आकार मला उगीचच चमत्कारिक वाटला आणि मी तसे भाच्याला बोलूनही दाखवले.

दिवस तिसरा : अकोसोम्बो

व्होल्टा नदीवरील हे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. त्यामागे पसरलेला जलाशय सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा आहे आणि मानवनिर्मित जलाशयांमध्ये विस्ताराने तो जगात अग्रगण्य मानला जातो. विजेसाठी ऐंशी हजारांच्या आसपास माणसे उठवली गेली. कोयनेच्या धरणग्रस्तांची मुले माझ्या वर्गात बसत असत, त्यामुळे पाण्याकडे पाहताना बुडालेली गावे मनातून गेली नाहीत.

दिवस चौथा : केप कोस्ट आणि एल्मिना

एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला, १६३७ मध्ये तो डचांनी घेतला आणि १८७२ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. सोन्यासाठी आलेले हे व्यापारी पुढे माणसांचा व्यापार करू लागले. केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुष कैद्यांचे तळघर आहे आणि त्याच्या नेमके वर प्रार्थनामंदिर होते. तळघरात उजेडासाठी भिंतीत उंचावर लहानशी झरोकी आहेत. वाटाड्याने दिवा मालवला, तेव्हा आमच्यातील एकही माणूस बोलला नाही. तेथून समुद्राकडे उघडणाऱ्या दाराला 'परत न येण्याचे दार' म्हणतात. दाराबाहेर आता रंगवलेल्या होड्या, जाळी विणणारे कोळी आणि मासळीचे टोपले घेऊन उभ्या असलेल्या बायका दिसतात. मी वाळूवर उतरलो आणि एका होडीच्या सावलीत पुष्कळ वेळ बसून राहिलो.

दिवस पाचवा : कुमासीच्या वाटेवर

केप कोस्टहून उत्तरेला निघालेला रस्ता आसिन मान्सो या गावावरून जातो. देशाच्या आतल्या भागातून साखळदंडांत चालवत आणलेल्या माणसांना किनाऱ्यावर विकण्यापूर्वी येथील ओढ्यात शेवटची आंघोळ घालत. त्यांना पकडून येथवर आणणारे गोरे नव्हते. आशांती राज्यासह आतल्या भागातील सत्तांनी हा व्यापार चालवला आणि त्यावर त्या मोठ्या झाल्या. आमच्या चालकाने ही गोष्ट आपण होऊन, आवाज न चढवता सांगितली. पुढचे चार दिवस मी राजांची आणि त्यांच्या आसनांची, म्हणजे राजपदाची खूण असलेल्या बैठकांची, थोरवी पाहणार होतो. ती पाहताना हा ओढा विसरायचा नाही, असे मी वहीत लिहून ठेवले.

पुढे प्रा नदी लागली. पाणी गेरू कालवल्यासारखे दिसत होते. सोन्यासाठी नदीकाठ बेकायदा खणण्याच्या उद्योगाला येथे 'गालामसे' म्हणतात आणि त्याने प्रा, ओफिन, अंकोब्रा या नद्या गढूळ केल्या आहेत. दोन्ही बाजूंना कोकोच्या बागा आहेत. खोडालाच लगडलेली पिवळी फळे लांबून लहान पपईसारखी दिसतात. कोत दि'व्वारच्या खालोखाल कोको पिकवणाऱ्या देशांत घानाचे नाव आजवर घेतले जात आले आहे, आणि सोन्यासाठी त्याच बागा खणल्या जात आहेत.

चालकाने माझा जन्मवार विचारला. आकान लोकांत मुलाचे पहिले नाव वारावरून ठरते : शनिवारचा क्वामे, शुक्रवारचा कोफी, रविवारची मुलगी अकोसुआ. माझा वार बुधवार निघाल्यामुळे परतेपर्यंत मी 'क्वाकू' झालो. भाचा हा माझ्या बहिणीचा मुलगा आहे, हे कळल्यावर त्याने गाडीचा वेगच कमी केला. आकानांत कूळ आईकडून चालते, म्हणून पूर्वापार रीतीने मामाचा वारसा मुलाकडे न जाता भाच्याकडे जातो. "वोफा," म्हणजे मामा, असे म्हणून त्याने मला रीतसर नमस्कार केला आणि तेव्हापासून भाच्याशीही तो अधिक अदबीने बोलू लागला.

दिवस सहावा : कुमासी

कुमासी ही आशांतींची राजधानी. १८७४ मध्ये इंग्रजांनी ती जाळली, १८९६ मध्ये राजा प्रेम्पेह पहिला याला पकडले आणि पुढे सेशेल्स बेटांवर पाठवले. तरीही राज्याचा आत्मा त्यांच्या हाती लागला नव्हता, कारण तो राजात नव्हता, 'सिका द्वा कोफी' या सुवर्णासनात होता. ओकोम्फो अनोक्ये या पुरोहिताने एका शुक्रवारी ते आकाशातून उतरवून पहिला आशांतीराजा ओसेई तुतू याच्या मांडीवर ठेवले, अशी श्रद्धा आहे. त्याच्यावर राजाही बसत नाही आणि ते जमिनीला टेकवत नाहीत. १९०० मध्ये इंग्रज गव्हर्नर हॉजसन याने ते स्वतःला बसण्यासाठी मागितले. 'या असांतेवा' नावाच्या, एजिसूच्या राजमातेने त्यावर युद्ध पुकारले. युद्धात आशांती हरले, तिला कैद करून सेशेल्सला नेले, पण आसन इंग्रजांच्या हाती लागले नाही. प्रेम्पेह १९२४ मध्ये परतला. त्याच्यासाठी बांधलेल्या घरात आज मान्हिया राजवाड्याचे संग्रहालय आहे. इंग्रजांनी लुटून नेलेले सोन्याचे काही अलंकार २०२४ मध्ये लंडनहून तीन वर्षांच्या बोलीवर उसने म्हणून येथे आले. स्वतःचाच ठेवा उसना घेण्याची पाळी यावी, हे वाचून मला जे वाटले ते महाराष्ट्रातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

दुपारी शहराबाहेरील आह्वियाला गेलो. हे आसने कोरणाऱ्यांचे गाव आहे. एका झाडाखाली एक प्रौढ कारागीर पांढऱ्या लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून आसन काढत होता. कुठेही जोड नाही, खिळा नाही. आपल्या सुतारांच्या वाकसासारख्या हत्याराने तो बैठकीचा खोलगट भाग तासत होता. प्रत्येक घावाला वाटोळी सालपट उडे आणि दर दहा-बारा घावांनंतर तो तळवा फिरवून वळण पाही. खाली सपाट पाया, मधे 'न्यान्सापो' म्हणजे शहाणपणाची गाठ आणि वर दोन्ही टोकांना उचललेली, चंद्रकोरीसारखी बैठक. काम थांबवून पाणी प्यायला उठताना त्याने तयार झालेले एक आसन उचलून आडवे केले. विचारल्यावर म्हणाला की रिकामे आसन उभे ठेवू नये, वाटेने जाणारा भलताच आत्मा येऊन बसतो. माणूस रोज जेथे बसतो तेथे त्याचा जीव मुरतो; म्हणून चांगला राजा वारला की त्याचे आसन काळे करून पूर्वजांच्या खोलीत ठेवतात आणि त्याला नैवेद्य दाखवतात. मी एक लहान आसन विकत घेतले.

राजा गादीवर येतो तो केवळ जन्माने नाही, हे मला येथे नीट कळले. राजमाता नाव सुचवते आणि मानकरी ते मान्य करतात किंवा परत पाठवतात. शपथेच्या वेळी त्याने काय करायचे नाही, हे त्याला सगळ्यांसमोर ऐकवले जाते. तो चुकला तर त्याला उतरवता येते आणि त्या वेळी त्याच्या पायांतील वहाणा काढून घेतात. राजाशी कोणी थेट बोलत नाही. 'ओक्येआमे' नावाचा वाक्पटू मानकरी मधे उभा असतो. त्याच्या सोन्याने मढवलेल्या काठीवर कधी मुठीत अंडे धरलेला हात असतो : सत्ता घट्ट आवळली तर फुटते, सैल धरली तर पडते.

राज्यघटनेच्या २७० व्या कलमाने ही संस्था कायम ठेवली असून कोणाला राजा म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा संसदही करू शकत नाही. उलट, २७६ व्या कलमाने राजाला सक्रिय पक्षीय राजकारण बंद आहे. खासदारकी हवी असेल तर आसन सोडावे लागते. राजांचे राष्ट्रीय सभागृह याच शहरात भरते. भाच्याने विचारले, "मामा, हे आपल्याकडे का टिकले नाही?" मला वाटते, याचे उत्तर जमिनीत आहे. आपल्याकडे सारा सरकारच्या तिजोरीत जाऊ लागला आणि गादीला तनखा उरला. येथे देशातील सुमारे ८० टक्के जमीन आजही आसनांच्या, कुळांच्या आणि घराण्यांच्या ताब्यात आहे. आसनाच्या जमिनीच्या उत्पन्नातून व्यवस्थापनाचे १० टक्के वजा करून उरलेल्यापैकी ५५ टक्के स्थानिक परिषदेला, २५ टक्के आसनाला आणि २० टक्के पारंपरिक मंडळाला द्यावेत, असे घटनेतच लिहिले आहे. परदेशी माणसाला ५० वर्षांहून अधिक भाडेपट्टा मिळत नाही. याची दुसरी बाजूही ऐकायला मिळाली. एकच भूखंड दोघांना विकला जातो, गावाची जमीन घरे बांधणाऱ्यांकडे जाते आणि हिशेब मागणाऱ्याला दाद मिळत नाही. जेथे मत देता येत नाही तेथे हिशेब मागणे अवघड, हे माझे जुने मत येथे बदलले नाही.

दिवस सातवा : उत्तरेकडे

कुमासी ते तामाले हा जवळपास चारशे किलोमीटरचा रस्ता म्हणजे भूगोलाचा चालता धडा आहे. टेचिमानपर्यंत दाट झाडी, किंताम्पोनंतर ती विरळ होत जाते आणि बुइपेचा पूल ओलांडल्यावर पिवळे गवत, गोरखचिंच आणि ज्यांच्या बियांचे तेल काढतात ती शिया नावाची झाडे उरतात. दक्षिणेत पावसाचे दोन हंगाम, उत्तरेत एकच. म्हणून तिकडे कंद, केळी आणि कोको, इकडे बाजरी, ज्वारी आणि गुरे. चर्चची जागा मशिदी घेतात, चौकोनी घरांच्या जागी मातीच्या गोल खोल्या येतात आणि कूळ बापाकडून चालू लागते. मधेच टायर फुटल्यामुळे दोन तास उन्हात गेले. शेजारच्या वस्तीतील बायकांनी भोपळ्याच्या कवटीतून पाणी आणून दिले. दागबानी भाषेत कोणीही काहीही अभिवादन केले की उत्तर एकच : "नाऽ." आपल्या 'हो ना'मधला ना, तसाच लांबवलेला.

दिवस आठवा : येंडी

दक्षिणेत आसन, तर उत्तरेत कातडे. येथे राजा जनावरांच्या कातड्यांवर बसतो आणि त्याला पद देण्याला 'कातड्यावर बसवणे' म्हणतात. व्याघ्रांबर आणि मृगाजिन माहीत असलेल्या मला हे परके वाटले नाही. येंडी ही दागबोन राज्याची राजधानी आणि तेथील राजाला 'या-ना' म्हणतात. अबुदू आणि अंदानी या एकाच राजघराण्याच्या दोन शाखांनी आळीपाळीने गादी भूषवायची, अशी रीत होती. ती बिघडली आणि मार्च २००२ मध्ये या-ना याकुबू अंदानी द्वितीय यांची अनेक माणसांसह हत्या झाली. पुढची जवळजवळ सतरा वर्षे कातडे रिकामे राहिले.

राजवाड्याच्या बाहेर, कडुनिंबाच्या सावलीत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी भाच्याच्या दुभाषेपणातून मला पुढची हकीकत सांगितली. न्यायालये झाली, चौकशी झाली, संचारबंदी झाली, तरी मिटले नाही. शेवटी सरकारने तीन राजांना मध्यस्थ नेमले आणि आशांतीराजा ओसेई तुतू द्वितीय त्यांचे प्रमुख झाले. त्यांनी वर्षानुवर्षे दोन्ही बाजूंना कुमासीला बोलावून ऐकून घेतले आणि निर्णय दिला : आधी दोन्ही शाखांच्या दिवंगत राजांची उत्तरकार्ये येंडीत व्हावीत, मग नवा राजा. त्याप्रमाणे कार्ये झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये अबुकारी द्वितीय गादीवर आले. "मेलेल्याचे कार्य झाल्याशिवाय जिवंत माणूस शांत कसा होईल?" असे ते वृद्ध म्हणाले. जवळच काखेत डमरूच्या आकाराचे वाद्य धरलेला एक लुंगा, म्हणजे राजघराण्याची वंशावळ गाणारा वादक, उभा होता. त्याने नावे म्हणायला सुरुवात केली आणि वृद्ध गप्प झाले. मलाही त्या सुरात आमच्या गावच्या गोंधळाची रात्र ऐकू आली.

दिवस नववा : परत

तामालेहून विमानाने तासाभरात अक्राला आलो आणि संध्याकाळी विमानतळाकडे जाताना पुन्हा जुबिली हाउसवरून गेलो. या वेळी मी भाच्याला गाडी हळू घ्यायला सांगितली. खाली रुंद पाया, मधे आधार आणि वर दोन्ही टोकांना उचललेली बैठक. आह्वियाच्या झाडाखाली पाहिलेलेच ते आसन होते. फक्त ते सिमेंटचे होते आणि तेथे बसणारा दर चार वर्षांनी लोकांपुढे जात होता. प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी मी जे बोललो होतो, ते भाच्याला आठवत होते की नाही कोण जाणे. तो काही बोलला नाही.

विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर मी पिशवीतून आसन काढून उभे ठेवले. तेथील तरुण कर्मचाऱ्याने माझ्याकडे पाहिले, दोन्ही हातांनी ते उचलले, अलगद आडवे केले आणि मग यंत्रात सरकवले.